डिझेल की पेट्रोल? अर्थात एका उताराची गोष्ट

गेले चार शनिवार आमच्या घरात एकच विषय चालू आहे. जेवताना डिझेल, चहाबरोबर पेट्रोल. ट्रक अजून घेतलेला नाही, पैसे अजून बँकेतच आहेत, पण भांडण मात्र जोरात. बाजारात तुरी म्हणतात ना, तसला प्रकार.

झालंय असं, की गेल्या शरद ऋतूत आम्ही एक जुना ट्रेलर घेतला. चोवीस फुटी, दोन आसांचा, आत पलंग, शेगडी आणि (हे सगळ्यात महत्त्वाचं) स्वतःचं न्हाणीघर. जूनमध्ये बाबा पुण्याहून येतायत. त्यांना यलोस्टोन बघायचंय. गुडघे आता साथ देत नाहीत, रोज नवीन मोटेल आणि नवीन जिना त्यांना जमणार नाही. म्हणून घरच बरोबर न्यायचं ठरलं. आता ते घर ओढायला ट्रक हवा. आम्ही डेन्व्हरच्या बाजूला राहतो, म्हणजे कुठेही पश्चिमेला जायचं तर आधी डोंगर चढायचा आणि मग तो उतरायचा. तेव्हा प्रश्न साधा आहे: डिझेलचा ट्रक घ्यायचा की पेट्रोलचा? (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात. बाबांना फोनवर पहिल्यांदा "गॅसचा ट्रक" म्हणालो तेव्हा त्यांनी विचारलं, "अरे, सिलिंडर कुठे ठेवतात?" तेव्हापासून मी आपला पेट्रोलच म्हणतो.)

बायकोचं मत पक्कं: डिझेल. बाबांचं मत त्याहून पक्कं: डिझेल. बाबांची तीस वर्षं पुण्यात डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर गेली, त्यांच्याकडून दुसरं काही अपेक्षितच नव्हतं. बायकोचं कारण वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका मित्राचा पेट्रोलवाला ट्रक आणि भाड्याचा ट्रेलर घेऊन निघालो होतो. आयसेनहॉवर बोगदा ओलांडून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ब्रेक तापले. जळका वास आला, पेडल मऊ पडलं, शेवटी रस्त्याच्या कडेला कसाबसा थांबलो तेव्हा पुढच्या चाकांतून धूर येत होता. मागे दोन्ही मुलं एकदम गप्प. मी तेव्हा म्हणालो होतो, "पेट्रोलचा ट्रक ना, त्याच्यात दमच नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

तर वाद मिटवायचा म्हणून मी आमच्या धंद्यातली नेहमीची युक्ती केली. एखादा प्रोग्रॅम असा विचित्र का लिहिलाय हे कळत नसेल तर त्याचा इतिहास बघायचा, कोणी, कधी, कशासाठी बदल केला ते. तसाच या दोन इंजिनांचा इतिहास बघत बसलो.

रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला, आईबाप जर्मन. त्या काळातलं वाफेचं इंजिन कोळशातली जेमतेम दहावा हिस्सा शक्ती कामाला लावायचं, बाकीची धुराड्यातून जायची. हे त्याला सहन होईना. त्याची कल्पना अशी: हवा इतकी दाबायची, इतकी दाबायची की ती स्वतःच तापून लाल व्हावी, आणि मग तिच्यात इंधन सोडायचं. ठिणगीची गरजच नाही. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून हवा भरली की पंप गरम होतो, तेच तत्त्व. १८९७ साली ऑग्सबुर्गला त्याच्या इंजिनाची रीतसर चाचणी झाली आणि कार्यक्षमता भरली २६.२ टक्के. जगात तेव्हा असं इंजिन नव्हतं. फक्त ते सुमारे तीन मीटर उंच होतं आणि शक्ती वीसेक अश्वांची. म्हणजे शक्ती स्कूटरची आणि आकार देवळाचा :-)

डिझेलची ही पहिली गोष्ट कायम राहिली. दाब जास्त, म्हणून सगळंच जाड करावं लागतं. जाड म्हणून जड, जड म्हणून महाग. त्या बदल्यात इंधन कमी. पेट्रोलचं इंजिन हलकं, स्वस्त, फिरायला चपळ, आणि खायला उठलेलं. १८९७ पासून आजपर्यंतचा सगळा वाद या दोन वाक्यांत आहे. बाकी जे बदलत गेलं ते इंधनाचे भाव आणि सरकारी कायदे. डिझेल स्वतः १९१३ साली इंग्लंडला जाताना बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला, नंतर समुद्रात त्याचं प्रेत सापडलं. आत्महत्या की आणखी काही, यावर अजून पुस्तकं निघतात. असो.

आता अमेरिकेकडे येऊ, आणि इथून गोष्ट आमच्या कोथरूडपर्यंत पोचते.

इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका बँकरच्या पदरी क्लेसी कमिन्स नावाचा ड्रायव्हर-मेकॅनिक होता. शिक्षण शाळेपुरतंही धड नाही, पण हात सोन्याचे. मालकाच्या पैशावर त्याने १९१९ साली इंजिनांची कंपनी काढली. पुणेकरांना हे नाव सांगायला नको. १९६२ साली किर्लोस्करांबरोबर याच कंपनीची भागीदारी झाली, किर्लोस्कर कमिन्स, आणि कोथरूडच्या दोन पिढ्यांना हे आडनाव आपल्यातलंच वाटायला लागलं. मला तर लहानपणी कमिन्स म्हणजे कुठलं तरी कोकणस्थी नाव असावं असं वाटायचं.

तर या क्लेसीची पंचाईत अशी, की डिझेल इंजिन घ्यायलाच कोणी तयार नव्हतं. अमेरिकेत पेट्रोल पाण्यासारखं. डिझेल ठीक आहे बोटीला, गाडीत कोण घालणार? मग त्याने जाहिरातबाजी सुरू केली. १९३० च्या जानेवारीत एका जुन्या पॅकार्ड गाडीत आपलं इंजिन कोंबून तो इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेला. इंधनाचा सगळा खर्च १ डॉलर ३८ सेंट. १९३१ च्या इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत त्याची डिझेल गाडी एकदाही न थांबता पूर्ण अंतर धावली. पहिली नाही आली, तेरावी आली, पण बाकीचे इंधन भरायला थांबत असताना ही आपली चालतेच आहे.

आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने डिझेल ट्रक घेऊन न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस असा प्रवास केला. बरोबर दोन साथीदार. इंधनाचा खर्च साधारण अकरा डॉलर. पेपरांत छापून यायला ही रक्कम पुरेशी होती. पण प्रवासात जे घडलं ते त्या अकरा डॉलरपेक्षा फार मोठं होतं.

कॅलिफोर्नियात शिरल्यावर कहोन पास नावाचा घाट लागतो. वाळवंटाच्या पठारावरून सॅन बर्नार्डिनोकडे लांबच लांब उतार. आपल्या खंडाळ्याचीच आठवण यावी. ट्रक उताराला लागला, वेग वाढला, ब्रेक दाबले, ब्रेक तापले आणि संपले. खाली रस्ता रेल्वेचे रूळ ओलांडत होता आणि रुळांवरून मालगाडी चालली होती. ट्रक थांबवायला हातात काहीच नाही. ट्रक रुळांपाशी पोचायला आणि मालगाडीचा शेवटचा डबा पुढे सरकायला एकच गाठ पडली. माणसं वाचली.

हे वाचताना मी लॅपटॉप मिटून जरा वेळ बाहेर जाऊन आलो. सिल्व्हरथॉर्नचा तो वास परत नाकात आला होता.

आता यातली गंमत बघा (गंमत म्हणायचं ते आज, तेव्हा नव्हती). पेट्रोल इंजिनाच्या तोंडाशी एक झडप असते. पाय काढला की ती मिटते. पण चाकं अजून इंजिनाला फिरवत असतात, ते बिचारं मिटलेल्या झडपेतून हवा ओढायचा प्रयत्न करतं, ओढता येत नाही, आणि त्या ओढाताणीत गाडी आपोआप मंदावते. यालाच आपण इंजिन ब्रेकिंग म्हणतो. डिझेलला ही झडप लागतच नाही. त्याचा वेग इंधन कमी-जास्त करून सांभाळतात, हवा नेहमी मोकळी. पाय काढलात तर हवा दाबली जाते आणि स्प्रिंगसारखी परत पिस्टनला ढकलते. जेवढं दिलं तेवढं परत. म्हणजे चढावर जो पहिलवान, तो उतारावर कुचकामी. क्लेसीच्या ट्रकचं नेमकं हेच झालं.

क्लेसीने तो उतार विसरला नाही. कंपनीतून बाहेर पडल्यावर, उतारवयात, पन्नाशीच्या दशकात त्याने यावर उपाय शोधला. हवा पूर्ण दाबली गेली की बरोबर त्याच क्षणी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा. दाबलेली हवा फट् करून बाहेर, स्प्रिंग परत ढकलणार कुठून? इंजिनाचा झाला काँप्रेसर, आणि काँप्रेसर फिरवण्यात ट्रकचा वेग खर्ची पडला. १९६१ साली जेकब्ज कंपनीने हे यंत्र बाजारात आणलं. ड्रिल मशीनचं चक बनवणारे तेच हे जेकब्ज, वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्यांना नाव आठवेल. तोच पुढे 'जेक ब्रेक' झाला. अमेरिकेत गावाच्या वेशीवर 'इंजिन ब्रेक वापरू नये' अशी पाटी दिसते ना, ती याच फट्-फट्-फट् आवाजासाठी. उतारावर हा आवाज ऐकला की मला आता राग येत नाही. एक माणूस तीस वर्षं एक भीती मनात ठेवून होता आणि शेवटी त्याने तिचं यंत्र केलं.

बरं, हे झालं मोठ्या ट्रकांचं. घरगुती पिकअपमध्ये डिझेल यायला बराच वेळ लागला. १९७३ पर्यंत ट्रेलर ओढायचा म्हणजे मोठं पेट्रोल व्ही-८, सात-साडेसात लिटरचं. कित्येक लोक तर साध्या लांबलचक मोटारीनेच ट्रेलर ओढायचे. मग अरबांनी तेल रोखलं, पंपावर रांगा लागल्या, आणि १९७५ साली सरकारने मोटारींच्या मायलेजचा कायदा केला. मोटारी लहान व्हायला लागल्या. ट्रेलर मात्र तेवढेच राहिले. मग ओढणार कोण? ट्रक. त्यात ८,५०० पौंडांवरच्या पिकअपना तो मायलेजचा कायदा लागूच नव्हता. आज इथे घरोघर जे अजस्र पिकअप दिसतात त्यांच्या मुळाशी ही एक पळवाट पण आहे.

त्याच सुमारास जनरल मोटर्सने घाई केली. १९७८ सालच्या मॉडेलांत त्यांनी ओल्डस्मोबिलचं ५.७ लिटरचं डिझेल आणलं, मोटारींत आणि पिकअपमध्येही. कारखान्यातली जुनीच यंत्रं वापरता यावीत म्हणून ते पेट्रोल इंजिनाच्या मापावर बेतलं होतं. ब्लॉक मजबूत केला, पण हेड आवळणारे बोल्ट तेवढेच ठेवले, त्याच जागी. डिझेलचा दाब तर दुपटीहून जास्त. बोल्ट ताणले, गॅस्केट फुटली. वर इंधनातलं पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला नव्हता, तेव्हाच्या डिझेलात पाणी सर्रास असायचं, त्याने पंप गंजले. आमच्या भाषेत सांगायचं तर एका मशीनसाठी लिहिलेला कोड घाईघाईने दुसऱ्यावर पोर्ट केला आणि टेस्टिंग गिऱ्हाइकांकडून करून घेतलं. १९८५ मध्ये ते बंद झालं, पण तोपर्यंत अमेरिकन माणसाच्या मनातून डिझेल मोटार जी उतरली ती उतरलीच.

पिकअपमध्ये मात्र डिझेल वाचलं. १९८३ च्या मॉडेलपासून फोर्डने इंटरनॅशनल हार्वेस्टरचं ६.९ लिटरचं डिझेल घ्यायला सुरुवात केली. आणि १९८९ साली डॉजने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं. मुळात हे पिकअपसाठी नव्हतंच, मध्यम ट्रक आणि ट्रॅक्टरांसारख्या कामाच्या गाड्यांसाठी होतं. एकट्या इंजिनाचं वजन पाचशे किलोच्या आसपास. शक्ती १६० अश्वशक्ती, ऐकायला काहीच नाही. पण टॉर्क ४०० फूट-पौंड, आणि तो अगदी खालच्या फेऱ्यांना. शेतकरी आणि घोडेवाले खूश झाले. मग चुरस लागली. १९९४ ला फोर्डचं पॉवर स्ट्रोक, २००१ ला इसुझूच्या मदतीने जनरल मोटर्सचं ड्युरामॅक्स. २०२३ च्या मॉडेलात फोर्डच्या वरच्या डिझेलचा टॉर्क १,२०० फूट-पौंडांवर गेला. चौतीस वर्षांत तिप्पट. एवढ्या ताकदीने आमचा ट्रेलर काय, आमची सोसायटी ओढता येईल.

इथपर्यंत वाचून मी बायकोला म्हणणारच होतो की तुझं बरोबर. पण इतिहास अजून संपला नव्हता.

डिझेलचे दोन मोठे फायदे होते: स्वस्त इंधन आणि साधेपणा. दोन्ही एकविसाव्या शतकात गेले. भारतात डिझेल म्हणजे स्वस्त हे आपल्या हाडात भिनलंय, कारण सरकार ते स्वस्त ठेवायचं. ते नियंत्रण तिकडेही २०१४ च्या ऑक्टोबरात उठलं. अमेरिकेत साधारण २००४ पासून डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महागच आहे. केंद्राचा करच गॅलनमागे पेट्रोलवर १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४.

आणि साधेपणा? २००६ साली पंपावर अत्यल्प गंधकाचं डिझेल आलं, ५०० ऐवजी दशलक्षात १५ भाग. ते आलं म्हणून २००७ पासून काजळी पकडणारा फिल्टर सक्तीचा झाल्यासारखाच झाला. २०१० पासून बहुतेक इंजिनांत युरियाचं पाणी फवारून नायट्रोजनची ऑक्साइडं मारायची सोय आली. हवा स्वच्छ झाली, याबद्दल तक्रार नाही. डिझेलच्या धुराने दमा होणाऱ्यांच्यात माझा मुलगाही येऊ शकतो. पण हा फिल्टर स्वतःला साफ करायला भरपूर तापावा लागतो. लांबच्या प्रवासात ते आपोआप होतं. रोज शाळा, वाणी, ऑफिस असे पाच-पाच मैलांचे फेरे मारले तर तो तापतच नाही, तुंबतो. आणि युरियाचं पाणी उणे अकरा सेल्सियसला गोठतं. टाकीत हीटर असतो म्हणा, पण म्हणजे आणखी एक बिघडायची वस्तू.

याच्यात एक प्रकरण आमच्या बिरादरीचं पण आहे. २०२३ च्या डिसेंबरात कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलरचा दंड भरायला मान्यता दिली. हवा-शुद्धीच्या कायद्याखालचा तोवरचा सगळ्यात मोठा. आरोप असा, की २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअपांच्या इंजिनांत असं सॉफ्टवेअर होतं जे चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरं वागायचं. कंपनीने चूक कबूल केली नाही, समझोता केला. मला मात्र वाईट वाटलं. ज्या कंपनीची गोष्ट १ डॉलर ३८ सेंटच्या हिशेबापासून सुरू झाली, तिची ही रक्कम. आणि ते कोड कोणीतरी लिहिलं असणार, कोणीतरी त्याचा रिव्ह्यू केला असणार. त्या टेबलावर आपण असतो तर बोललो असतो का? सोमवारी ऑफिसात मी हा प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर लगेच आलं नाही.

मधल्या काळात पेट्रोल परत आलं. २०२० च्या मॉडेलपासून फोर्डने जड पिकअपसाठी ७.३ लिटरचा नवीन पेट्रोल व्ही-८ काढला. लोखंडी ब्लॉक, जुन्या धाटणीची पुशरॉडची रचना, ४३० अश्वशक्ती. मुद्दाम साधा ठेवलेला. म्हणजे १९८९ च्या डिझेलचा जो गुण होता तो आता पेट्रोलकडे गेला.

मग मी वही काढून हिशेब मांडला. आमचा ट्रेलर सामानासकट ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर भरला ६,४०० पौंड, म्हणजे सुमारे २,९०० किलो. वर्षाला ट्रेलरसह तीन हजार मैल, रिकामे सहा हजार. मायलेज लोकांच्या अनुभवावरून धरलं: ओढताना पेट्रोल ८, डिझेल ११, रिकामं पेट्रोल १४, डिझेल १८. वर्षाला वाचणारं इंधन सगळं मिळून २०० गॅलन. दोन्ही इंधनं चार डॉलरला मिळतात असं डिझेलच्या बाजूने उदारपणे धरलं तरी वर्षाचे ८०० डॉलर. डिझेल इंजिनासाठी जास्तीचे मोजायचे दहा हजारांच्या आसपास. साडेबारा वर्षं फक्त फिटायला!

आणि अजून एक. डीलरकडे शेजारीशेजारी उभ्या दोन पाऊण-टनी ट्रकांच्या दाराच्या चौकटीवरचे स्टिकर वाचले. दोन्हींचं कमाल वजन सारखंच, १०,००० पौंड. पण डिझेल इंजिनच एवढं जड की माणसं, सामान आणि हिचवर बसणारं ट्रेलरचं वजन यासाठी उरलेली जागा पेट्रोलवाल्यापेक्षा जवळजवळ हजार पौंडांनी कमी. ओढायची ताकद जास्त, उचलायची कमी. हे कुठल्याच जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतं.

डिझेलच्या बाजूने खरी गोष्ट उरते ती डोंगरात. दर हजार फुटांना साधं पेट्रोल इंजिन साधारण तीन टक्के शक्ती गमावतं, कारण हवाच विरळ. आयसेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर, म्हणजे तिसरा हिस्सा शक्ती गायब. टर्बो डिझेल हवा कोंबून घेतं, त्याला एवढं जाणवत नाही. आणि उताराला आताच्या डिझेल पिकअपांत टर्बोमधूनच एक्झॉस्ट ब्रेक लागतो, क्लेसीच्या भीतीचा चुलत नातू. बारा-पंधरा हजार पौंडांचा ट्रेलर असता, किंवा महिन्यातून दोनदा डोंगर ओलांडायचा असता, तर मी डोळे मिटून डिझेल घेतलं असतं. आमच्या २,९०० किलोंना पेट्रोल पुरतं. चढावर उजव्या लेनमधून पंचेचाळीसच्या वेगाने, इंजिनाची आरडाओरड ऐकत जावं लागेल, इतकंच.

"पण उतार?" बायको म्हणाली.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. चार शनिवार मी याच प्रश्नापासून लांब पळत होतो.

त्या दिवशी सिल्व्हरथॉर्नच्या उतारावर दोष पेट्रोलचा नव्हता. ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक असतात. ते किती जोरात लागावेत हे ठरवायला ड्रायव्हरच्या गुडघ्याशी एक खटका असतो. निघण्याच्या आधी तो लावून, रिकाम्या रस्त्यावर एकदा तपासून घ्यायचा असतो. मी तो शून्यावर ठेवला होता. मला माहीतच नव्हतं तो कशाचा आहे ते. शिवाय गिअर वरचाच, आणि पाय सतत ब्रेकवर. म्हणजे ट्रेलरचं सगळं वजन ट्रकच्या चार चाकांनी थोपवलं. संध्याकाळी कँपवर ट्रक धुताना मला तो आकडा दिसला, शून्य. मी गुपचूप सहावर नेला आणि कोणाला काही बोललो नाही. वर मित्राच्या ट्रकला दोन वर्षं नावं ठेवली.

हे मी गेल्या रविवारी सांगितलं. बाबा फोनच्या स्पीकरवर होते. बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या दहा हजारांचं डिझेल तुझ्या एका खटक्यावर उभं होतं." मी म्हटलं, "हो."

बाबा चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "अरे, तीस वर्षं इंजिनं चालवली मी. इंजिन चढ चढवतं. उतार माणसाला उतरावा लागतो. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच्यात उतर, आणि घेऊन टाक तो पेट्रोलचा." आणि मग, थोडं थांबून, "अगं सूनबाई, त्या उतारावर पुढच्या सीटवर मी बसेन. त्या खटक्याकडे बघायला."

तर मंडळी, पेट्रोलचा ठरलाय. वाचलेल्या पैशांतले काही बाबांच्या तिकिटाला, काही ट्रेलरच्या नवीन टायरांना आणि ब्रेकच्या कामाला. पुढचे दोन शनिवार मी रिकाम्या पार्किंगमध्ये खटका कितीवर ठेवला की ट्रेलर कसा थांबतो याचा सराव करणार आहे, बायकोला शेजारी बसवून. मित्रालाही फोन केला, त्याच्या ट्रकची माफी मागितली. त्याने विचारलं, "कसली माफी?" सांगायला पाऊण तास लागला.

यलोस्टोनहून आलो की लिहीनच.